माशातला पारा आणि गर्भवतीचे ताट

माशातल्या पाऱ्याचा विषय निघाला की बहुतेक वेळा दोनच उत्तरे कानावर येतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसे मासे खात आली आहेत, त्यांना काय झाले, असे एक. आणि समुद्रच आता नासला आहे, तेव्हा मासे सोडलेले बरे, असे दुसरे. माझ्या परिचयातल्या एका तरुणीला दिवस गेल्याचे कळले आणि घरीदारी ऐकलेल्या अशाच बोलण्यावरून तिने मासे पार बंद केले. ती कोणते मासे खात होती, ते केवढे असत आणि आठवड्यातून किती वेळा ती ते खात होती, हे मात्र तिला कोणीही विचारले नाही. पाऱ्याच्या बाबतीत जवळजवळ सगळे काही याच तपशिलांवर अवलंबून असते. ज्या वेळी त्यांची सर्वांत जास्त गरज असते नेमके त्याच वेळी ते सांगितले जात नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पारा हे मूलद्रव्य आहे. जाळून, पुरून किंवा पाण्यात सोडून तो नाहीसा होत नाही. त्याची जागा बदलते आणि रूप बदलते, एवढेच. ज्वालामुखींतून आणि खडकांच्या झिजेतून तो निसर्गतःही बाहेर पडत असतो, पण गेल्या दोन शतकांत माणसाने त्यात फार मोठी भर घातली आहे. दगडी कोळशात पारा अत्यल्प असतो, परंतु कोळसा जाळला जातो तो कोट्यवधी टन, त्यामुळे धुराबरोबर जाणाऱ्या पाऱ्याची बेरीज मोठी होते. त्याहूनही मोठा वाटा सोन्याच्या छोट्या खाणींचा आहे. तिथे खनिजाच्या भुकटीत पारा मिसळतात, तो सोन्याचे कण धरून ठेवतो, आणि मग तो गोळा उघड्यावर तापवून पारा उडवून लावतात. सोने हाती उरते आणि पाऱ्याची वाफ आधी खाणकामगाराच्या फुप्फुसात व मग आकाशात जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ मध्ये केलेल्या जागतिक मूल्यमापनानुसार २०१५ या एका वर्षात मानवी व्यवहारांमुळे सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला आणि त्यातला सुमारे ३८ टक्के अशा खाणकामातून आला होता. हा पारा महिनोन्‌महिने हवेत राहून पृथ्वीभर फिरतो आणि पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर खाली उतरतो. म्हणूनच उत्तर ध्रुवाजवळच्या, आसपास एकही कारखाना नसलेल्या प्रदेशांतल्या सील आणि देवमाशांतही तो सापडतो.

पाण्यात पडलेला हा पारा जसाच्या तसा राहिला असता, तर माशांच्या बाबतीत एवढी काळजी करण्याचे कारण उरले नसते. खरी अडचण तळाच्या गाळात सुरू होते. जिथे प्राणवायू पोहोचत नाही अशा चिखलात राहणारे काही जिवाणू पाऱ्याच्या अणूला कार्बनचा एक छोटा गट जोडतात आणि त्याचे मिथाइलमर्क्युरी नावाचे संयुग होते. हे काम जिवाणूंच्या कोणत्या जनुकांमुळे होते, ते २०१३ मध्ये उलगडले. या एका रासायनिक बदलाने पाऱ्याचे सजीवांच्या शरीरातले वागणे पूर्णपणे पालटते. जुन्या तापमापीतला चकाकता पारा कोणी चुकून गिळला, तर त्याचा अगदी नगण्य अंश आतड्यातून शोषला जातो. माशातून पोटात गेलेल्या मिथाइलमर्क्युरीचा मात्र सुमारे ९५ टक्के भाग रक्तात उतरतो.

पुढचा प्रवास अन्नसाखळीचा. पाण्यातले सूक्ष्म वनस्पतीप्लवक हे संयुग इतके शोषून घेते, की त्याच्यातले प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या सुमारे लाखपट होऊ शकते. प्लवक खाणारे बारीक प्राणी, त्यांना खाणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे, अशा प्रत्येक पायरीवर खाल्लेले अन्न पचून जाते, खर्च होते, पण मिथाइलमर्क्युरी फार सावकाश बाहेर पडत असल्यामुळे अंगात उरते. त्यामुळे माशातला पारा प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरतो: तो मासा काय खातो, किती वर्षे जगतो आणि किती मोठा होतो. पाणी स्वच्छ दिसते की नाही, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. खोल, निळ्या, नितळ समुद्रात दहा-पंधरा वर्षे शिकार करत जगलेल्या तलवारमाशात भरपूर पारा असू शकतो, आणि किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यातल्या, वर्ष-दोन वर्षांच्या तारलीत तो नगण्य असतो.

स्वयंपाकघरात काही उपाय करता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. दुर्दैवाने करता येत नाही. मिथाइलमर्क्युरी माशाच्या चरबीत साठत नाही. ते स्नायूंतल्या प्रथिनांच्या गंधकयुक्त भागांना घट्ट चिकटून बसते. काही औद्योगिक प्रदूषके चरबीत असतात आणि साल, चरबी काढून टाकली की ती थोडीफार कमी होतात. पाऱ्याला ही युक्ती लागू पडत नाही. धुणे, मीठ लावणे, आंबटात भिजवणे, उकडणे, तळणे, यांपैकी कशानेही तो जात नाही. उलट तळताना किंवा वाळवताना पाणी उडून जाते आणि उरलेल्या मासात दर ग्रॅममागे पाऱ्याचे प्रमाण किंचित वाढते. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. जी काही निवड करायची ती मासा घरात येण्याआधीच करावी लागते.

या विषाने माणसाचे काय होते, हे जगाला जपानच्या क्युशू बेटावरच्या मिनामाता या गावाने दाखवले. एप्रिल १९५६ मध्ये तिथल्या चिस्सो कंपनीच्या रुग्णालयात पाच वर्षांची एक मुलगी आणली गेली. तिला नीट चालता येत नव्हते, बोलणे अडखळत होते, झटके येत होते. दोनच दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीतही तीच लक्षणे दिसली. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या अज्ञात आजाराची नोंद आरोग्य कार्यालयात केली. त्याच्या काही वर्षे आधीपासूनच गावातली मांजरे वेड्यासारखी गोल फिरत, झटके येऊन मरत होती. लोक त्याला नाचणाऱ्या मांजरांचा रोग म्हणत. मांजरेही कोळ्यांच्या घरातलेच मासे खात होती.

चिस्सोच्या कारखान्यात १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होत होते आणि त्या प्रक्रियेत पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई. सांडपाणी थेट खाडीत. १९५८ मध्ये, आजाराचा बोभाटा झाल्यावर, कंपनीने सांडपाण्याचे तोंड बदलून ते नदीच्या मुखाशी सोडले, आणि रोग नव्या गावांत पसरला. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ च्या जुलैमध्ये पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच सुमारास होसोकावा स्वतःच्या कंपनीतच प्रयोग करत होते. अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी ते एका मांजराच्या अन्नात रोज मिसळत. नोंदवहीत त्या मांजराचा क्रमांक ४०० होता. ऑक्टोबरमध्ये त्याला तेच झटके आले, तोच तोल गेला. कंपनीला उत्तर मिळाले होते. तरी हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला गेला नाही, आणि ती उत्पादनप्रक्रिया १९६८ पर्यंत चालू राहिली. मधल्या काळात, १९६५ मध्ये, निगाता भागातल्या आगानो नदीच्या काठी दुसऱ्या एका कंपनीच्या सांडपाण्यामुळे तोच आजार पुन्हा उद्भवला. सप्टेंबर १९६८ मध्ये जपान सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले. मांजर क्रमांक ४०० आणि सरकारी मान्यता यांच्यामध्ये जवळजवळ नऊ वर्षे गेली. त्या नऊ वर्षांत जन्मलेल्या मुलांचा विचार मनात आला की मला आजही संताप आवरत नाही.

कारण या कथेतला सर्वांत भयंकर भाग मुलांचाच आहे. गर्भाला पोसणारी वार ही विषाला अडवणारी भिंत आहे, अशी तेव्हा वैद्यकातली समजूत होती. त्यामुळे मिनामातात जन्मतःच मान न धरणारी, गिळू न शकणारी, हातपाय आखडलेली मुले दिसू लागली, तेव्हा त्यांना जन्मजात पक्षाघात समजले गेले. त्यांनी तर मासे खाल्लेच नव्हते आणि त्यांच्या आया वरवर ठणठणीत दिसत होत्या. मासाझुमी हारादा या तरुण डॉक्टरांनी ही मुले घरोघरी जाऊन तपासली, आणि १९६२ मध्ये अशा १६ मुलांना गर्भावस्थेतच विषबाधा झाल्याचे मान्य झाले. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवण्याची प्रथा आहे. संशोधकांनी पुढे अशा नाळा गोळा करून त्यांतला मिथाइलमर्क्युरी मोजला, तेव्हा जन्मसालानुसार त्याचे प्रमाण कारखान्यातल्या उत्पादनाच्या चढउताराबरोबर वरखाली होताना दिसले. कंपनीने जे दडवले ते आयांनी डबीत जपून ठेवलेल्या नाळेत लिहिलेले होते.

वार हे विष अडवू शकत नाही, याचे कारण आता बरेच उलगडले आहे. मिथाइलमर्क्युरी सिस्टीन या अमिनो आम्लाला जोडले गेले की त्याची ठेवण मेथिओनिन या दुसऱ्या, शरीराला हव्या असलेल्या अमिनो आम्लासारखी होते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर आणि वारेवर पोषक अमिनो आम्ले आत घेणारी जी दारे असतात, ती याला आपलेच समजून आत घेतात. बाळाच्या नाळेतल्या रक्तात पाऱ्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा सरासरीने सुमारे १.७ पट असते. प्रौढ मेंदूत हे विष मुख्यतः ठरावीक जागी घाव घालते: तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि दृष्टीशी निगडित मागचा भाग. म्हणून प्रौढांत बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येणे, चालताना झोक जाणे, बोबडे बोलणे, नळीतून पाहावे तसे दृष्टिक्षेत्र आकसणे, ऐकू कमी येणे अशी लक्षणे दिसतात, आणि तीही विष पोटात गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. गर्भाच्या मेंदूत मात्र पेशी विभागत असतात, आपापल्या जागी सरकत असतात. तिथे नुकसान सर्वभर होते.

इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात जे घडले त्यात मासे नव्हते, पण विष हेच होते. पेरणीसाठी आलेल्या, मिथाइलमर्क्युरीचे बुरशीनाशक चोळलेल्या गव्हाची लोकांनी भाकरी करून खाल्ली. ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले आणि रुग्णालयात ४५९ जण दगावले. त्या शोकांतिकेतूनच डॉक्टरांना केसांचा उपयोग कळला. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातला पारा धरून ठेवतो, त्यामुळे बाळंतिणीच्या लांब केसाचे तुकडे क्रमाने तपासले तर गर्भारपणाच्या कोणत्या महिन्यात तिच्या रक्तात किती विष होते, हे सांगता येते.

आता प्रश्न उरतो तो तुमच्या-माझ्यासारख्यांचा, ज्यांच्या ताटात मिनामाताचा मासा नाही, सर्वसाधारण बाजारातला आहे. यावर दोन मोठे अभ्यास झाले आणि त्यांची उत्तरे जुळली नाहीत. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा मागोवा फिलिप ग्रांजाँ आणि पाल वाइहे या संशोधकांनी घेतला. सातव्या वर्षी भाषा, एकाग्रता आणि स्मरण यांच्या चाचण्यांत, जन्मावेळी जास्त पारा असलेली मुले थोडी मागे पडलेली दिसली. हिंद महासागरातल्या सेशेल्स बेटांवर मात्र, जिथल्या आया आठवड्याला सरासरी बारा वेळा मासे खात होत्या, तिथल्या मुलांत असा सुसंगत दुष्परिणाम आढळला नाही. फेरोतल्या पाऱ्याचा मुख्य स्रोत पायलट व्हेल या देवमाशाचे मांस होते, ज्यात पाऱ्याबरोबर इतर प्रदूषकेही असतात. सेशेल्समध्ये तो साध्या समुद्री माशांतून येत होता, आणि त्यांच्याबरोबर मेंदूला लागणारी मेदाम्लेही येत होती. माझ्या मते ही दोन उत्तरे एकमेकांना खोडत नाहीत. पारा अपाय करतो आणि मासा उपकार करतो, दोन्ही एकाच घासात घडते, आणि कोणाचे पारडे जड होईल ते माशाच्या जातीवर ठरते.

हा हिशेब एकदा प्रत्यक्ष करून पाहावा. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये ठरवलेली मर्यादा अशी, की शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त मिथाइलमर्क्युरी पोटात जाऊ नये. ६० किलो वजनाच्या स्त्रीसाठी ते ९६ मायक्रोग्रॅम होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मोजमापांत तलवारमासा आणि शार्क यांच्यात किलोमागे सरासरी एक मिलिग्रॅमच्या आसपास पारा आढळतो, म्हणजे दर ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम. दीडशे ग्रॅमचा एकच तुकडा खाल्ला की १५० मायक्रोग्रॅम झाले. आठवड्याची मर्यादा एका जेवणात ओलांडली. डब्यातल्या पांढऱ्या, अल्बाकोर जातीच्या ट्यूनात सरासरी ०.३५ मिलिग्रॅम असतो. त्याच्या तेवढ्याच तुकड्यातून सुमारे ५२ मायक्रोग्रॅम जातात. आणि तारलीच्या कुळातल्या सार्डिनमध्ये ०.०१३ मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे ग्रॅममध्ये दोनच मायक्रोग्रॅम. तलवारमाशाच्या एका तुकड्याइतका पारा पोटात जायला सार्डिनची सत्तरहून अधिक जेवणे लागतील. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची मर्यादा याहून कडक, दिवसाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम आहे. ती धरली तर ६० किलोला आठवड्याचे ४२ मायक्रोग्रॅमच होतात आणि अल्बाकोरचा तो एक तुकडाही जास्त ठरतो. सार्डिन, सामन, कोळंबी हे मात्र दोन्ही मापांत निर्धास्तपणे बसतात.

म्हणूनच अमेरिकेतल्या या दोन संस्थांचा संयुक्त सल्ला गर्भवतींना मासे बंद करायला सांगत नाही. कमी पारा असलेले मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खावेत असे तो सांगतो, आणि शार्क, तलवारमासा, मार्लिन, सुरमईच्या जवळचा मोठा किंग मॅकेरल, ऑरेंज रफी, मोठ्या डोळ्यांचा बिगआय ट्यूना आणि मेक्सिकोच्या आखातातला टाइलफिश हे सात मासे टाळायला सांगतो. मासे पूर्ण सोडण्याची किंमतही मोजली गेली आहे. ब्रिटनमध्ये सुमारे बारा हजार गर्भवतींच्या अभ्यासात, ज्यांनी आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी समुद्री अन्न खाल्ले, त्यांची मुले भाषिक बुद्धिमत्तेच्या चाचणीत तळाच्या चौथ्या हिश्शात असण्याची शक्यता जास्त आढळली. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून निव्वळ ‘मासे बंद’ हा सल्ला मला बेजबाबदार वाटत आला आहे. तो देणाऱ्याला सुरक्षित वाटतो, पण त्याची भरपाई बाळ करते.

हृदयाबद्दल थोडक्यात: फिनलंडमधल्या एका अभ्यासात जास्त पाऱ्याचा संबंध हृदयविकाराच्या झटक्यांशी दिसला होता, परंतु २०११ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात तो आढळला नाही. निरोगी प्रौढांनी मोठे शिकारी मासे क्वचित खाल्ले, तर त्यांनी झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

मात्र एका गटाला हा दिलासा देता येत नाही: जे आपल्याच नदीतला, तळ्यातला मासा पकडून रोज खातात. कॅनडातल्या ग्रासी नॅरोज या आदिवासी वस्तीच्या नदीत वरच्या अंगाच्या कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ टन पारा सोडला. अर्धशतक उलटले तरी तिथले मासे आजही दूषित आहेत. नवे धरण बांधून जंगल पाण्याखाली गेले, की तिथेही कुजणाऱ्या पालापाचोळ्यात जिवाणूंचे काम वेगाने सुरू होते. क्वेबेकच्या ला ग्रांद प्रकल्पाच्या जलाशयांत माशांतला पारा कित्येक पटींनी वाढला आणि पूर्ववत व्हायला दोन-तीन दशके लागली. अशा ठिकाणी बाजारातल्या माशांचे सरासरी आकडे निरुपयोगी असतात. तिथल्या पाण्यातल्या माशांची तपासणी करून तिचे निष्कर्ष ते मासे खाणाऱ्यांना त्यांच्या भाषेत कळवणे हे सरकारचे काम आहे. धुराड्यांतला आणि खाणींतला पारा रोखण्याचेही तसेच. पाऱ्यावरचा जागतिक करार ऑक्टोबर २०१३ मध्ये कुमामोतो इथे स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. त्याला मिनामाताचे नाव दिले आहे. गर्भवतीने आपले ताट निवडून घ्यावे हे खरे, पण तिच्या ताटात पारा घालणाऱ्यांना त्यामुळे सुटका मिळता कामा नये.

शेवटी वेळेविषयी. रक्तातला मिथाइलमर्क्युरी निम्मा व्हायला साधारण पन्नास दिवस लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे एखाद्या दिवशी अजाणता खाल्लेल्या शार्कच्या तुकड्याने अनर्थ होत नाही. तोच मासा दर आठवड्याला खाल्ला तर पातळी महिनोन्‌महिने चढत जाते. याचाच दुसरा अर्थ असा, की मोठे शिकारी मासे सोडण्याचा उपयोग गर्भ राहण्याच्या पाच-सहा महिने आधीपासून होतो, कारण मेंदूची जडणघडण अनेकींना दिवस गेल्याचे कळण्याआधीच सुरू झालेली असते. ज्यांना दिवस गेलेले आहेत आणि ज्यांच्या खाण्यात असे मासे नेहमी होते, त्यांनी ते आज थांबवावेत, त्यांच्या जागी लहान मासे घ्यावेत आणि डॉक्टरांशी बोलून रक्ताची किंवा केसांची तपासणी करून घ्यावी. शरीरातून धातू खेचून काढण्याची म्हणून जी औषधे विकली जातात ती गर्भारपणात स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नयेत. वैद्यकीय देखरेखीखाली दिलेल्या औषधाने रक्तातला पारा उतरतो, परंतु मेंदूत आधी झालेले नुकसान त्याने भरून येत नाही.